हॅमरचे तीन रॉबिन हूड: एकच पाहायचा असेल तर कोणता?

रॉबिन हूड म्हटलं की आधी १९३८ च्या सिनेमातला एरॉल फ्लिन आठवतो. वॉर्नर ब्रदर्सनं त्या सिनेमावर वीस लाख डॉलरच्या आसपास पैसा ओतला आणि कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बिडवेल पार्कचं शेरवुड, म्हणजे रॉबिनचं जंगल, करून टाकलं. तो पाहिला नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो पाहा. पाहून झाला असेल, आणि तसंच काहीतरी पण हलकंफुलकं, दीड तासाच्या आसपास आटोपणारं हवं असेल, तर गाडी ब्रिटनच्या हॅमर कंपनीपाशी येते. भयपटांसाठी नावाजलेल्या या कंपनीनं मोजक्या पैशांत तीन रॉबिन हूड काढले: १९५४ चा ‘द मेन ऑफ शेरवुड फॉरेस्ट’, १९६० चा ‘सोर्ड ऑफ शेरवुड फॉरेस्ट’ आणि १९६७ चा ‘अ चॅलेंज फॉर रॉबिन हूड’. तिन्हींत नट वेगळे, दिग्दर्शक वेगळे. एकाचा दुसऱ्याशी धागा नाही. त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी चालते.

माझं मत आधीच सांगतो. नावं मोठी १९६० च्या सिनेमात आहेत, पण सिनेमा म्हणून १९६७ चा सरस आहे.

१९६० च्या सिनेमाकडे लोक वळतात ते पीटर कुशिंगसाठी. दिग्दर्शक टेरेन्स फिशर आणि कुशिंग या जोडीनं १९५७ मध्ये फ्रँकेन्स्टाइन आणि १९५८ मध्ये ड्रॅक्युला गाजवला होता. इथे कुशिंग नॉटिंगहॅमचा शेरीफ आहे. तो आवाज चढवत नाही, तलवारीला हात घालायची घाई करत नाही. समोरच्याला फासावर चढवायचं असलं तरी अदबीनंच बोलतो, आणि त्यामुळेच अंगावर येतो. अडचण अशी की हा शेरीफ शेवटच्या झुंजीपर्यंत टिकतच नाही. पटकथेला अर्ल ऑफ न्यूअर्क हा दुसरा खलनायक जास्त प्यारा आहे. रिचर्ड पास्कोनं तो वाईट केलेला नाही, पण कुशिंग गेल्यावर पडद्यावरचा धाक उतरतो तो उतरतोच. ऑलिव्हर रीडही एका छोट्या भूमिकेत दिसतो. पुढच्याच वर्षी हॅमरनं त्याला नायक केलं.

रॉबिन आहे रिचर्ड ग्रीन. १९५५ पासून ब्रिटिश टीव्हीवर त्यानं हीच भूमिका १४३ भागांत केली होती. त्या मालिकेचा कारभारही काटकसरीचाच: किल्ल्यातल्या शेकोट्या, जिने, दरवाजे चाकांवर बसवलेले, ढकलून लावले की नवा महाल तयार! मालिकेतल्या मुख्य नटांपैकी सिनेमात एकटा ग्रीनच आला. तो सराईत आहे, जरा जास्तच सराईत. १४३ भागांनंतर झाडावरून उडी मारताना माणसाला नवल वाटेनासं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

पैसा दिसतो तो निसर्गात, म्हणजे जिथे तो लागलेलाच नाही तिथे. चित्रीकरण आयर्लंडमध्ये, विकलो परगण्यातल्या आर्डमोर स्टुडिओत आणि त्या भागातल्या डोंगर-रानांत झालं. इंग्लंडचं शेरवुड असं हिरवं आणि खडकाळ नाही, पण तक्रार कोण करणार? रुंद पडद्यावर ते देखणं दिसतं.

कथा कँटरबरीचा आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर याच्या खुनाच्या कटाभोवती फिरते. हा माणूस इतिहासातला आहे. इंग्लंडचा रिचर्ड राजा ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला, तेव्हा दीड लाख मार्कांची खंडणी गोळा करण्यात त्याचा मोठा वाटा होता. सिनेमात तो न्यायाचा कैवारी. पण ११९६ मध्ये लंडनच्या गरिबांची बाजू घेऊन उठलेला विल्यम फिट्झ ऑस्बर्ट सेंट मेरी-ले-बो चर्चमध्ये लपला, तेव्हा चर्चलाच आग लावून त्याला बाहेर काढवलं ते याच ह्यूबर्टनं. अशा वेळी रॉबिनचा बाण कुणाकडे वळला असता, हा प्रश्न पटकथेला पडलेला नाही.

१९६७ चा सिनेमा नाताळात मुलांना थिएटरात आणायला काढलेला, आणि तो ते लपवत नाही. दिग्दर्शक सी. एम. पेनिंग्टन-रिचर्ड्स, रॉबिन बॅरी इंगॅम. दोन्ही नावं तुम्ही ऐकली नसतील, पण इथे गोष्ट मुळापासून सुरू होते. रॉबिन द कोर्टने हा नॉर्मन घराण्यातला तरुण. चुलतभाऊ रॉजर स्वतःच्या भावाचा खून करून आळ रॉबिनवर ढकलतो आणि रॉबिन जंगलात पळतो. म्हणजे भांडण राज्याचं नाही, घरातलं आहे. भाऊबंदकी कळायला नकाशा लागत नाही. वर्षानुवर्षं सॅक्सनांचा, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या रहिवाशांचा, कैवारी म्हणून पाहिलेला रॉबिन इथे चक्क नॉर्मन, म्हणजे त्यांना जिंकणाऱ्यांपैकी, आहे हे काहींना खटकतं. जुन्या बॅलडांत, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्या लोकगीतांत, तो सॅक्सन वीरही नव्हता आणि उमरावही नव्हता. साधा गडी होता, आणि राजाचं नाव रिचर्ड नव्हे, एडवर्ड होतं. उमरावकी त्याला १५९८ च्या सुमाराच्या नाटकांनी चिकटवली. तेव्हा हॅमरनं आणखी एक बदल केला तर बिघडलं कुठे?

इंगॅम ग्रीनइतका रुबाबदार नाही. पण तो पळतो, घसरतो, हसतो, आणि टोळीचा पुढारी हळूहळू होतो. फ्रायर टक, म्हणजे रॉबिनच्या टोळीतला साधू, झालेले जेम्स हेटर डिस्नेच्या १९५२ च्या सिनेमातही टकच होते. हा ऐवज हॅमरला आयता मिळाला. जत्रेत एकमेकांवर ‘पाय’ (pie, सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) फेकून मारण्याची धमाल आहे. मोठ्यांना ती लांबल्यासारखी वाटेल, सात-आठ वर्षांची मुलं मात्र तेवढंच पुन्हा लावायला सांगतील. खोट सांगायची तर गडावरच्या मारामारीत माणसं कमी पडतात. लांबी ९६ मिनिटं, तिघांत सर्वांत जास्त, तरी रेंगाळत नाही.

राहिला १९५४ चा. हॅमरचा हा पहिला रंगीत कथापट, ही त्याची खरी मिरासदारी. अमेरिकेत खपावा म्हणून रॉबिनला डॉन टेलर हा अमेरिकन नट घेतला, आणि तो बोलायला लागला की शेरवुड जरा अटलांटिकपलीकडे सरकतं. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट मूळचे विनोदी पटकथांचे लेखक. त्यामुळे रेजिनल्ड बेकविथचा टक भाव खाऊन जातो आणि कारस्थान मागे पडतं. ड्रॅक्युलात जोनाथन हार्कर झालेला जॉन व्हॅन आयसन इथे रॉबिनचा साथीदार विल स्कार्लेट आहे, ही हॅमरच्या भक्तांसाठी गंमत. भक्त नसाल तर हा सोडला तरी चालेल.

भाषेची अडचण असेल तर १९६७ चा सोपा जाईल. संवाद कमी कळले तरी कोण कुणाच्या मागे लागलंय ते दिसतं. १९६० च्या कटात मात्र संवादांकडे लक्ष द्यावं लागतं, म्हणून सबटायटल असलेली प्रत घ्या. आणि ती रुंद पडद्याचीच घ्या. टीव्हीच्या चौकोनासाठी कडा कापलेली प्रत पाहिलीत तर आयर्लंड निम्मं जातं, आणि त्या सिनेमात कुशिंगखालोखाल पाहण्यासारखं तेच आहे.