घोडबंदर रोडचा व्हेगन डबा: उसळ उत्तम, बदामाचं ताक टाळा

डबा व्हेगन, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच नाही, 180 रुपयांचा. दोन पोळ्या किंवा नाचणीची भाकरी, उसळ, भाजी, भात, चटणी. सोमवार, बुधवार, शुक्रवारी टोफूची भुर्जीही असते आणि त्या दिवशी प्रथिनांचा हिशेब छान जुळतो: 40 ग्रॅम कोरड्या मटकीतून 9 ग्रॅम, टोफूतून 7, पोळ्या-भातातून 8-9. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) निकषाने (किलोमागे 0.83 ग्रॅम) साठ किलोच्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅम लागतात, निम्मं काम इथेच होतं. मंगळवार-गुरुवारी मात्र नारळाच्या रसातला फ्लॉवर-बटाटा येतो, उसळ गायब, आकडा 12 वर. पोट भरतं, पण चार वाजता बिस्किटाचा पुडा फुटतो, आणि त्यात बहुतेकदा दूध पावडर असते!

मटकीला मोड नीट आणलेले असतात. मोडांमुळे लोहाला अडवणारं फायटेट घटतं आणि लोह शोषायला सोपं जातं. सोबतची लिंबाची फोड पिळाच. जेवणावर लगेच चहा घेतलात तर तो फायदा बराचसा वाया जातो. जवसाची चटणी कुटलेली आहे, हेही बरोबर. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं.

वेगळे 60 रुपये घेऊन मिळणारं बदामाचं ताक घेऊ नका. ग्लासात दहाएक बदाम, म्हणजे 2 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 25 मिलिग्रॅम कॅल्शियम. गाईच्या दुधाच्या ग्लासात ते 240 च्या आसपास असतं. त्यापेक्षा नाचणीची भाकरी मागा: 50 ग्रॅम पिठात 170-180 मिलिग्रॅम. कॅल्शियम घातलेलं सोयादूध घरी आणलंत तर खोका जोरात हलवून ओता, कॅल्शियम तळाशी बसतं. स्वयंपाक सैंधवात होतो, हे मात्र खटकलं. दूध आणि मासे सोडलेल्या माणसाला आयोडीनयुक्त मीठच हवं.

खरी गडबड डब्यासोबतच्या कार्डात आहे. ‘इडली-डोसा आणि स्पिरुलिनातून बी12’ हा दावा चूक (बी12 हे जीवनसत्त्व, स्पिरुलिना म्हणजे एक प्रकारचं शेवाळ). आंबवलेल्या पदार्थांवर विसंबता येत नाही, आणि स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी शरीराला निरुपयोगी रूप. गोळी हवीच, ब्रिटनची व्हेगन सोसायटीसुद्धा रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला 2000 घ्या म्हणते. ‘सर्व वयोगटांसाठी योग्य’ हे वाक्य अमेरिकी आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2016 च्या भूमिकेतून उचललंय, त्यातला ‘नीट आखलेला’ हा शब्द गाळून. त्यांची 2025 ची भूमिका फक्त प्रौढांपुरती आहे, गर्भवती आणि स्तनदा माता वगळून. जर्मन पोषण संस्थेने 2016 मध्ये या गटांना आणि मुलांना शिफारस करायचंच टाळलं होतं. तेव्हा गरोदरपणात निव्वळ कार्ड वाचून हा डबा लावू नका. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी12 ची तपासणी आधी करून घ्यावी. ते औषधही पातळी खाली आणतं. डाळी-भाज्यांतल्या भरपूर फॉलेटमुळे (हेही एक बी जीवनसत्त्व) रक्तक्षय दिसत नाही आणि बी12 कमी पडल्याचं हातापायांना मुंग्या आल्यावरच कळतं.

20 रुपये जास्त दिले तर मंगळवार-गुरुवारीही उसळ मिळते. आदल्या रात्री नऊच्या आत सांगावं लागतं, कारण मटकी तेव्हाच मोजून काढतात.