कॅम्पिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर जनरेटर: आठ महिन्यांनंतर

आधी सरळ सांगून टाकतो: मशीनबद्दल माझी फारशी तक्रार नाही, तक्रार आहे ती माझ्या निवडीबद्दल. आठ महिने, अकरा मुक्काम आणि वहीत नोंदवलेले सुमारे ९० तास, एवढ्या वापरानंतर हे लिहितोय. खोक्यावर ठळक अक्षरांत २२०० वॅट, त्याखाली बारीक अक्षरांत सलग चालवायला १८०० वॅट. पेट्रोलवर चालणारा, बंद पेटीतला इन्व्हर्टर जनरेटर, टाकी ३.६ लिटरची, वजन २१ किलो. ठळक आकडा काही क्षणांपुरता असतो, हिशेब बारीक आकड्यावर करायचा, एवढं मला घेतानाही कळत होतं. बाकी बरंच कळत नव्हतं.

इन्व्हर्टर प्रकार घेतला याचा मात्र पश्चात्ताप नाही. साध्या जनरेटरमध्ये विजेची फ्रीक्वेन्सी थेट इंजिनाच्या वेगावर ठरते. त्यामुळे ५० हर्ट्झसाठी त्याला मिनिटाला ३००० फेरे (जिथे ६० हर्ट्झची वीज आहे तिथे ३६००) मारावेच लागतात, मग त्याला एक मोबाइल लावलेला असो की काहीच नसो. इन्व्हर्टरवाला तयार झालेली वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी, बॅटरीसारखी) करतो आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून पुन्हा एसी (दिशा बदलत वाहणारी, घरातल्यासारखी) करून देतो. इंजिनाचा वेग आणि विजेची फ्रीक्वेन्सी यांची गाठ सुटल्यामुळे लोड कमी असला की इंजिन निवांत चालतं. लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर, एअर पंप, कशालाच आजवर त्रास झाला नाही.

आता माझी चूक. घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि यादी केली. छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज ५० वॅट, दोन एलईडी दिवे २० वॅट, लॅपटॉप ६५, मोबाइल आणि कॅमेरा मिळून ४०. बेरीज १७५. आणि मग खाली लिहिलं: इलेक्ट्रिक किटली, १५०० वॅट. त्या एका ओळीपायी मी १३-१४ किलोचा १००० वॅटवाला सोडून हा उचलला. नंतर कधीतरी बसून हिशेब केला. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला जेमतेम ०.१ युनिट वीज लागते, आणि ही किटली ते चार-पाच मिनिटांत करते. म्हणजे दिवसातल्या त्या दहा मिनिटांसाठी मी सात-आठ किलो जास्तीचं ओझं गाडीतून काढतोय, वाहतोय, परत चढवतोय. तेच पाणी गॅसच्या छोट्या शेगडीवर उकळतं, आवाज न करता. किटली आता घरीच असते, जनरेटर नेला की वजन मात्र तेवढंच सोबत येतं. उष्णता तयार करणारी वस्तू (किटली, हीटर, हेअर ड्रायर, इंडक्शन शेगडी) यादीत लिहायचा मोह झाला तर आधी ती खोडून बेरीज करून बघा. जनरेटरचा आकार निम्म्यावर येतो.

मोटर किंवा कॉम्प्रेसर असलेल्या वस्तूंचं गणित वेगळं. एका मुक्कामाला मेव्हण्याने त्याचा घरगुती फ्रिज आणला, पाटीवर १२० वॅट. माझा मशीन १८०० चा, मी निर्धास्त. इको मोड (लोड कमी असला की इंजिनाचा वेग उतरवणारं बटण) चालू होता, इंजिन मंद गतीत होतं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरने सुरू होताना कैक पट करंट ओढला, इंजिन गचकलं, दिवे मिणमिणले. बंद पडलं नाही, पण तेव्हापासून कॉम्प्रेसर लावताना आधी इको मोड बंद करतो, तो सुरू झाला की मग पुन्हा चालू.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण फसगत इथेच होते. खोक्यावरचा डेसिबलचा आकडा बहुधा पाव लोडचा आणि सात मीटर अंतरावरचा असतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना लोड आणि अंतर तेच आहे का हे आधी बघा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दहाने वाढ म्हणजे कानाला साधारण दुप्पट. माझा मशीन पाव लोडला खरंच सुसह्य आहे, पण किटली लावली की नुसता डरकाळ्या फोडतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल उतरतात, म्हणून सात मीटरवरून चौदावर नेला की फरक लगेच जाणवतो. मात्र मागे खडक किंवा गाडी असेल तर आवाज परतून येतो. तिसऱ्या मुक्कामाला रात्री साडेदहाला शेजारच्या तंबूतल्या काकांनी येऊन शांतपणे विचारलं, "किती वाजेपर्यंत चालवणार हो हे?" मला काही उत्तर सुचलं नाही. लगेच बंद केला. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात बसून विचार केला की रात्रभर हे चालवायचं तरी कशासाठी.

वहीतल्या नोंदींनी त्याचं उत्तर दिलं. पहिल्या दोन मुक्कामांना रात्रभर चालवला होता. फ्रिज थांबून थांबून चालतो, दिवे बंद, म्हणजे सरासरी लोड ६० वॅटच्या आसपास. आठ तासांत अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज वापरली आणि पेट्रोल गेलं अडीच लिटर. लोड कितीही कमी असला तरी इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवायला पेट्रोल लागतंच. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. असे छोटे जनरेटर भरल्या लोडला त्यातलं दीड युनिटाच्या आसपास हातात देतात, पाव लोडला एकच, आणि माझ्या रात्रीच्या ६० वॅटला तर पाव युनिटसुद्धा नाही. बाकीची सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत जाते.

चौथ्या मुक्कामापासून पद्धत बदलली. एक युनिट क्षमतेचं लिथियम आयर्न फॉस्फेटचं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी सॉकेटवाली मोठी बॅटरी, घेतलं. संध्याकाळी उजेड असतानाच जनरेटर सुरू करतो, आठ-नऊशे वॅटने ते भरून घेतो आणि सव्वा तासात बंद. पेट्रोल लिटरभर. रात्रभर फ्रिज बॅटरीवर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचे मोबाइलही त्यावरच. आवाज नाही, वास नाही, काका नाहीत. जनरेटरच्या अंगावर १२ व्होल्टचं डीसी सॉकेटही असतं. त्यातून काही थेट चालवायला जाऊ नका, ते गाडीची लेड-अॅसिड बॅटरी भरण्यापुरतं आहे.

आता धुराबद्दल. यात मी स्वतःला माफ केलेलं नाही. पाचव्या मुक्कामाला भुरभुर पाऊस होता म्हणून जनरेटर तंबूच्या जवळ ओढला, चार मीटरवर, सायलेन्सरचं तोंड तंबूपासून दुसरीकडे. तासाभरात वारा फिरला. आत टांगलेला बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म वाजला. वास नाही, धूर दिसत नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. अलार्म नसता तर काहीच कळलं नसतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला डोकं दुखतंय हेही जाणवत नाही. आता नियम एकच: किमान सहा मीटर, जमेल तेवढं त्याहून लांब, तोंड तंबूंच्या विरुद्ध बाजूला, आणि पाऊस आला तर जनरेटर बंद. तंबूच्या पडवीत, गाडीच्या डिकीत, ताडपत्रीने झाकून, कुठेही नाही. झाकण्याने तो तापतोही.

लांब ठेवायचा म्हणजे वायर लांब. माझ्या २० मीटरच्या रीलवर एकदा हात ठेवला तर चांगलीच गरम. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून रील पूर्ण उलगडूनच वापरायची, आणि वायर बारीक नको.

बिघाड म्हणावेत असे तीन प्रसंग झाले, तिन्हींत दोष माझाच. पहिल्यांदा सुरू होऊन काही मिनिटांत विझायचा, परत दोरी ओढली की चालू, परत बंद. पाऊण तास घाम गाळल्यावर लक्षात आलं की टाकीच्या झाकणावरचा हवेचा खटका मी बंदच ठेवला होता. हवा आत गेली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. दुसऱ्यांदा उतारावर ठेवला होता. ऑइल एका बाजूला गेलं आणि कमी ऑइलच्या सेन्सरने इंजिन थांबवलं. सेन्सर आपलं काम करत होता, मी मात्र स्पार्क प्लग काढून बसलो होतो. तिसरा महागात पडला. अडीच महिने टाकीत पेट्रोल तसंच ठेवून दिलं. जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक छिद्रात) चिकट थर धरतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलावाही शोषून घेतं. दोरी ओढून ओढून खांदा दुखला, शेवटी मेकॅनिककडे कार्ब्युरेटर उघडून साफ करावा लागला. आता परतल्यावर टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही काही उरत नाही.

ऑइलमध्ये कुचराई करू नका. पहिलं ऑइल २० तासांनी बदललं, त्यात बारीक धातूची चमक दिसली; नव्या इंजिनात ती असतेच. त्यापुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. जेमतेम अर्धा लिटर लागतं.

उंचीचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. हवा विरळ झाली की दर ३०० मीटरला ताकद साधारण साडेतीन टक्के उतरते. १८०० मीटरवरच्या मुक्कामी माझ्या १८०० वॅटचे सुमारे १४२० उरले होते, आणि किटली लावताच ओव्हरलोडचा लाल दिवा. किटली घरी ठेवायला लागलो तो याच मुक्कामानंतर.

परत घ्यायची वेळ आली तर? १००० वॅटवाला हलका इन्व्हर्टर आणि हेच पॉवर स्टेशन. ते भरायला दीड-दोन तास लागतील, चालेल. एका रात्रीपुरतं जाणारे असाल तर जनरेटर घेऊच नका, भरलेली बॅटरी पुरते. मी स्वतः शेवटच्या दोन छोट्या मुक्कामांना तो नेलाच नाही. तीन रात्रींच्या पुढे, किंवा झाडीत सोलर पॅनलला ऊन मिळत नसेल, तेव्हा मात्र त्याला पर्याय सापडलेला नाही. सध्या तो कोपऱ्यात आहे, टाकी रिकामी, हवेचा खटका बंद, आणि हँडलला एक चिठ्ठी बांधलेली: "आधी खटका उघड."