दादर वेस्टचे फ्रेमवाले काका, जुना फोटो असेल तर इथेच द्या

छबिलदास गल्लीत एका जिन्याखाली हे काका बसतात, पाटीबिटी काही नाही, विचारत विचारत जावं लागतं.

माझे बाबा एअरफोर्समधे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारे, सत्तरच्या दशकात चंदीगडला एएन-12 या मालवाहू विमानांवर होते. विमानाच्या दाराशी काढलेला त्यांचा ग्रुप फोटो आणि ऑक्टोबर 2024 चं पेपरातलं कात्रण, दोन्ही एकाच फ्रेममधे हवं होतं त्यांना. कात्रण त्या एएन-12 चं, जे 7 फेब्रुवारी 1968 ला चंदीगडहून लेहला निघालं, आत 102 जण, हवामान खराब म्हणून पायलटने परत फिरवलं आणि रोहतांगजवळ गायबच झालं. पहिले अवशेष गिर्यारोहकांना सापडले ते थेट 2003 मधे, म्हणजे 35 वर्षं घरच्यांनी नुसती वाट बघितली. 2024 च्या सप्टेंबरात अजून चौघांचे मृतदेह मिळाले आणि काहींची ओळख अंगावरच्या कागदांवरून पटली. 56 वर्षं बर्फात कागद टिकला हो! बाबा नंतर भरती झालेले, त्यातलं कोणी ओळखीचं नव्हतं, पण तसल्याच विमानाखाली हात काळे केलेत त्यांनी, ते कात्रण रोज काढून वाचायचे, घडीवर फाटायला आलं होतं.

आणि आमच्या माहीमच्या खाऱ्या हवेत कागदाचं काय होतं ते मला माहितीये. आधी एका दुसऱ्या दुकानात दिलेला फोटो त्यांनी गमने प्लायला चिकटवला, दोन पावसाळ्यात बुरशी येऊन काचेलाच चिकटला, गेला तो कायमचा. काकांनी गमला हातच लावला नाही. अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, काच आणि फोटोमधे बारीक फट, मागून कागदी टेप. फोटोच्या कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलाय, पुसायच्या आधी त्यांनी विचारलं, कोणाचा? बाबा म्हणाले, माझाच. मग माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची कड, तिथे थोडा मागे कापला, ठसा पूर्ण दिसतो आता.

1450 रुपये झाले, चार दिवस सांगून नऊ लावले, तीनदा फोन करावा लागला, त्याचा एक स्टार कापते. टॅक्सीत बाबांनी फ्रेम मांडीवर धरली होती, माहीम येईपर्यंत गप्प, मग फोटोतल्या विमानाच्या दारावर बोट ठेवून म्हणाले, "इथूनच चढायची पोरं."

सोमवारी बंद असतं, जीपे चालतं.