मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल, आईसाठी घेतलं

पप्पा ऑगस्टमध्ये गेले. तेव्हापासून आईने बायबल उघडलंच नव्हतं, विचारलं की म्हणायची दिसत नाही रे, मोतीबिंदू वाढलाय, आणि मला ते खरंच वाटलं. म्हणून नाताळच्या आधी हे मोठ्या अक्षरांचं मागवलं, जुना नवा करार दोन्ही, चेनवालं काळं कव्हर, चर्चमध्ये वाचतात तेच भाषांतर.

आधी तक्रारी. विकणाऱ्याने नुसत्या पातळ पिशवीत पाठवलं, एक कोपरा दुमडून आला, फोटो पाठवला तर म्हणे बदलून मिळेल पण नाताळनंतर. नाताळनंतर घेऊन काय करू, ठेवून घेतलं. वजन भरपूर, मांडीवर घेतलं की दहा मिनिटांत आईचा पाय अवघडतो, आता उशीवर ठेवते. कागद इतका पातळ की बॉलपेनची रेघ मागच्या पानावर उमटते, हे कसं कळलं ते पुढे सांगतो.

अक्षर मात्र एक नंबर. जोडाक्षरं स्पष्ट, ओळींमध्ये मोकळी जागा, वचनांचे आकडे ठळक, आई चष्मा न लावता वाचते. भाषा जरा जड आहे हे तिचं जुनंच म्हणणं, कारण तिची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढलेली आणि घरात रमाबाईंनीच केलेलं बायबलचं सोपं भाषांतर वाचायची सवय. रमाबाईंचा विषय निघाला की आई हमखास सांगते, १९२१ ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, पण भाषांतर पुरं करूनच. या वेळी सांगताना मधेच थांबली.

तर मेन गोष्ट. पुस्तक हातात घेऊन तिने चार पानं उलटली आणि म्हणाली, हे कोरं आहे. मी म्हटलं नवीन आहे मग कोरंच असणार ना. तर तिला पप्पांच्या खुणा हव्या होत्या, त्यांच्या जुन्या बायबलमध्ये तीस वर्षांच्या रेघा आहेत, निळ्या, लाल, काही ठिकाणी तारखा. मग रोज जेवणं झाली की आम्ही दोघं दोन्ही पुस्तकं समोर घेऊन बसतो आणि त्या रेघा इकडे उतरवतो, पहिल्या दिवशी बॉलपेनने, दुसऱ्या दिवसापासून पेन्सिलने. पान नंबर जुळत नाहीत, वचन शोधावं लागतं, आणि शोधायचं म्हणजे वाचावं लागतंच.

स्तोत्र १३ ला, जिथे दावीद देवालाच विचारतो की किती दिवस मला विसरणार, तिथे पप्पांची दुहेरी रेघ आणि बाजूला मे २०२१. काका तेव्हा ऑक्सिजनवर होते. पप्पा रोज संध्याकाळी फोनवर सगळ्यांना धीर देत होते, देव आहे, काळजी करू नका. आई बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली, मग म्हणाली, मला कधी बोलले नाहीत. पेन्सिल तिनेच घेतली, रेघ मारली, खाली आजची तारीख घातली.

परवा यशया ७ आला. इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव, हे आपण नाताळच्या कार्डावर इतकं वाचतो, पण त्याच अध्यायात वरती शत्रू चालून येतोय आणि आहाज राजाचं नि लोकांचं काळीज वाऱ्याने झाडं हलावीत तसं थरथरतंय, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पप्पांची रेघ त्या थरथरण्यावर होती, इम्मानुएलवर नव्हती. आईने दोन्हीकडे मारली.

एक स्टार कापला तो पॅकिंगचा, शक्यतो दुकानात जाऊन कोपरे बघूनच घ्या. काल यिर्मया सुरू केलंय, तिथे पप्पांनी जवळजवळ प्रत्येक पान रंगवलंय, त्यामुळे २५ तारखेपर्यंत मत्तयाला, म्हणजे येशूच्या जन्माच्या गोष्टीला पोचणं काही खरं नाही.