झोटेरो: संदर्भसूचीचा भार हलका, पण नजर हवीच
झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून त्यांची यादी बनवणारं सॉफ्टवेअर. संदर्भ लिहिण्याची एपीए शैली हवी की एमएलए, हे आधी मार्गदर्शकांना विचारा. झोटेरोत शैली नंतरही सहज बदलते. सॉफ्टवेअर मोफत आहे, डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की नोंद आपोआप भरते. गडबड होते ती इथेच. संस्थेचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत पडलं, तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं एपीएत चक्क 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' होतं! त्या ओळीतलं बटण दाबून एकच रकाना करा. इंग्रजी शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच (फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल) साठवा: एमएलएसाठी कॅपिटल अक्षरं झोटेरो स्वतः करतं, एपीएसाठी उलटं करत नाही. वर्डमधली यादी हाताने दुरुस्त करत बसू नका, पुढच्या रिफ्रेशला दुरुस्ती पुसली जाते; मूळ नोंदच सुधारा. झोटेरोची मोफत ३०० एमबी ऑनलाइन जागा पीडीएफनी लवकर भरते, नुसत्या नोंदींना मात्र मर्यादा नाही.