वायरशार्क: राउटरचं सॉफ्टवेअर लिहिणारीच्या टेबलावरून

मी पुण्यात राउटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. ओएसपीएफ, बीजीपी यांसारखे, राउटर ज्यातून एकमेकांना रस्ते कळवतात ते प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) सी भाषेत लिहायचे, त्यांचे टायमर आणि स्टेट मशीन (जोडणी कोणत्या अवस्थेत आहे याचा हिशेब) सांभाळायच्या, आणि टेस्टिंग टीमने किंवा ग्राहकाने बग टाकला की तो मुळापासून शोधायचा, असं हे काम. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, "ताई, कुठलं सर्टिफिकेट करू?" मी सांगते, आधी वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर उतरवून घे. पैसे लागत नाहीत, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून तेच लागणार आहे.

नेटवर्क कार्डावरून जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) ते पकडतं आणि उलगडून दाखवतं. वर पॅकेटांची यादी, खाली निवडलेल्या पॅकेटचे सगळे थर आणि फील्ड, शेजारी कच्चे बाइट. एखाद्या फील्डवर क्लिक केलं की नेमके त्याचेच बाइट उजळतात. ही सोय साधी वाटते, पण शिकणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची तीच आहे. जेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये हे 'इथरिअल' नावाने आणलं. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली, नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, म्हणून 'वायरशार्क' हे नवं नाव. सोर्स कोड तेव्हाही खुला होता, आजही आहे.

ते काय करू शकतं हे एका केसवरून सांगते. ग्राहकाकडे आमचा राउटर आणि दुसऱ्या कंपनीचा राउटर यांच्यात ओएसपीएफची जोडणी पूर्ण होत नव्हती. दोन्हीकडून हॅलो (ओळख देणारी पॅकेट) व्यवस्थित, दोघं एकमेकांना दिसतायत, आणि गाडी 'एक्सस्टार्ट' (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याआधीच्या) अवस्थेत अडकलेली. लॉगमध्ये तीच ती रीट्रान्समिटची (पॅकेट पुन्हा पाठवल्याची) ओळ. दोन्ही कंपन्यांचे सपोर्टवाले एकमेकांकडे बोट दाखवत होते. कॅप्चर फाइल (पकडलेल्या पॅकेटांची नोंद) मागवली, फिल्टरमध्ये नुसतं 'ओएसपीएफ' लिहिलं आणि डेटाबेस डिस्क्रिप्शनचं (आपल्याकडच्या नोंदींची यादी सांगणारं) पॅकेट उघडलं. त्यात 'इंटरफेस एमटीयू' (एका पॅकेटचा कमाल आकार) नावाचं दोन बाइटचं फील्ड असतं. एका बाजूला १५००, दुसऱ्या बाजूला ९०००. ओएसपीएफचं मानक असलेल्या आरएफसी २३२८ या दस्तऐवजाच्या १०.६ या भागात स्पष्ट लिहिलंय की समोरच्याने सांगितलेला आकार आपल्या इंटरफेसला झेपणारा नसेल तर ते पॅकेट नाकारायचं. हॅलोमध्ये एमटीयू नसतोच, म्हणून तिथवर सगळं सुरळीत दिसत होतं. ग्राहकाने दोन्हीकडचा एमटीयू सारखा केला आणि जोडणी लगेच पूर्ण झाली. नंतर मी आमच्या कोडमध्ये त्या ठिकाणी स्वच्छ शब्दांत लॉग घातला: एमटीयू जुळत नाही, इकडे इतका, तिकडे तितका.

आरएफसी वाचून डोक्यात जे धूसर असतं ते इथे बाइटमध्ये समोर येतं. बीजीपीचा प्रत्येक मेसेज सोळा 'एफएफ' बाइटने सुरू होतो, मग दोन बाइट लांबी, एक बाइट प्रकार. कीपअलाइव्ह ('मी अजून आहे' एवढंच सांगणारा मेसेज) म्हणजे फक्त हे १९ बाइट, पुढे काहीच नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पाठ करावं लागत नाही. सेशन सारखं फ्लॅप होत (तुटून पुन्हा जुळत) असेल तर 'होल्ड टायमर संपला' (ठरलेल्या वेळात समोरून काही आलं नाही) हे नोटिफिकेशन कोणी पाठवलं ते बघायचं. ज्याने पाठवलं त्याच्यापर्यंत कीपअलाइव्ह पोचत नव्हते. मग समोरच्याकडून ते निघालेच नाहीत की निघून वाटेत हरवले, हे दोन्ही टोकांच्या कॅप्चरवरून ठरतं. एकाच टोकाच्या कॅप्चरवरून निकाल देऊ नये, असं मी टीममध्ये सगळ्यांना आवर्जून सांगते.

मुलाखती घेते तेव्हा उमेदवारासमोर एक छोटी कॅप्चर फाइल ठेवते आणि विचारते, काय दिसतंय? ओएसआयचे (नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकी मांडणीचे) सात थर घडाघडा म्हणणारी मुलं इथे थबकतात. आणि एखादी मुलगी, जिच्या बायोडेटात फारसं काही नसतं, ती शांतपणे म्हणते, "मॅडम, सिन जातंय, उत्तर येतच नाहीये, म्हणजे फायरवॉल किंवा परतीचा रूट बघायला हवा." (सिन म्हणजे टीसीपीची जोडणी मागणारं पहिलं पॅकेट.) मला अशी माणसं टीममध्ये हवी असतात.

अनुभवी माणसाला याचा उपयोग आणखी पुढे जातो. कंपनीचा स्वतःचा अंतर्गत प्रोटोकॉल असेल तर लुआ भाषेत छोटा डिसेक्टर (पॅकेट उलगडून दाखवणारा कोड) लिहिता येतो. आमच्या दोन प्रोसेसमधल्या मेसेजसाठी मी तो लिहिला, आणि टेस्टिंग टीमने हेक्स डंप (कच्च्या बाइटची यादी) जोडणं बंद करून थेट फील्डच्या नावाने बग लिहायला सुरुवात केली. टीशार्क ही कमांड लाइनची आवृत्ती ऑटोमेशनच्या स्क्रिप्टमध्ये बसते. रात्रीच्या रनमध्ये आमच्या कित्येक टेस्ट तिच्यावरच चालतात.

आता उणिवा. काही जीबींची फाइल उघडली की मेमरी फुगते आणि स्क्रोल करणंही नको होतं. वायरशार्कसोबत येणाऱ्या एडिटकॅपने आधी तुकडे करून घ्यावेत. वेगवान लिंकवर थेट पकडायला गेलात तर पॅकेट गळतात, तिथे टीसीपीडम्प या कमांड लाइनच्या साधनाने पकडून नंतर इथे वाचावं. नवख्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट: आपल्याच मशीनवरून बाहेर जाणारी टीसीपी पॅकेट कधीकधी १५०० बाइटपेक्षा बरीच मोठी दिसतात. तो बग नसतो. कार्ड त्यांचे तुकडे नंतर करतं, कॅप्चर त्याआधीच होतं. काळ्या पट्टीवर लाल अक्षरांतल्या ओळी पाहूनही घाबरू नये, थोडेफार रीट्रान्समिशन चालत्या नेटवर्कमध्ये असतातच. टीएलएसच्या (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीच्या) आतलं मात्र सहसा की-लॉग फाइलशिवाय (किल्ल्यांच्या नोंदीशिवाय) दिसत नाही.

सरावाला राउटर विकत घ्यायची गरज नाही. लिनक्सवर दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली दोन वेगळी नेटवर्कं) करा, वेथ जोडीने (आभासी केबलने) जोडा, दोन्हीकडे एफआरआर चालवा (क्वागामधून २०१७ मध्ये वेगळा झालेला खुला राउटिंग स्टॅक) आणि त्या वेथवर कॅप्चर लावा. मग एका बाजूचा एमटीयू बदला, हॅलोचा टायमर बदला, पासवर्ड चुकवा, आणि दरवेळी काय मोडतं ते पॅकेटमध्ये बघा. एका साध्या लॅपटॉपवर हे सगळं आरामात चालतं.

उबुंटूवर बसवताना, साध्या युजरला कॅप्चरची परवानगी द्यायची का, असं विचारतात. 'हो' म्हणा, स्वतःला वायरशार्क ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून ते चालवू नका: डिसेक्टर बहुतेक सीमध्ये लिहिलेले आहेत, बाहेरून येणारे वाटेल ते बाइट वाचतात, आणि त्यांच्यात सुरक्षेच्या त्रुटी वेळोवेळी सापडत आल्या आहेत. म्हणून आवृत्तीही ताजी ठेवा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर लावण्याआधी तिथल्या ॲडमिनची लेखी परवानगी घ्या.