हॅश जुळला, फाइल मात्र भामट्याची

'चेकसम तपासला की निर्धास्त' असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात, म्हणून हे लिहितेय. चेकसम किंवा हॅश म्हणजे फाइलवरून हिशोबाने काढलेली अक्षरांची ओळ; फाइल जराशी बदलली तरी ती बदलते. मी चेकसम तपासला होता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. आणि तरीही माझं मेल खातं दुसऱ्याच्या हातात गेलं.

हवा होता स्क्रीन रेकॉर्ड करणारा एक फुकट प्रोग्रॅम. सर्च केल्यावर सगळ्यात वर आलेलं पान जाहिरातीचं होतं. मूळ पानाची हुबेहूब नक्कल, पत्त्यात एका अक्षराचा काय तो फरक. पण खरा डाव डाउनलोडच्या बटणाखाली होता. तिथे एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश ठळक छापलेला, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर तो कसा काढायचा याच्या कमांडसुद्धा. विंडोजसाठी सर्टयुटिल, मॅकसाठी एसएचएसम, लिनक्ससाठी एसएचए२५६सम. वर 'सुरक्षिततेसाठी फाइल तपासूनच उघडा' असा सल्ला! चोरानेच कुलूप नीट लावायला सांगावं, असला प्रकार.

मी सर्टयुटिल चालवलं. तीन ओळी आल्या. पहिलीत फाइलचं नाव, दुसरीत ६४ अक्षरांचा हॅश, तिसरीत कमांड यशस्वीपणे पूर्ण झाल्याची सूचना. ही तिसरी ओळ अनेकांना फाइल पास झाल्याची पावती वाटते. तसं काही नाही. हिशोब करून झाला, एवढंच ती सांगते. व्हायरसची फाइल दिलीत तरी तीच ओळ येणार. पाहायची ती दुसरी ओळ. ती पानावरच्या हॅशशी तंतोतंत जुळत होती.

जुळणारच होती. भामट्याने आपली फाइल तयार केली, तिचा हॅश काढला आणि पानावर चिकटवला. त्याला एसएचए-२५६ फोडावं लागलं नाही, काहीच फोडावं लागलं नाही. पानावरच्या हॅशची फाइल आणि माझ्याकडे आलेली फाइल एकच आहे, एवढं त्या तपासणीतून सिद्ध झालं. ती बनवली कुणी, हा प्रश्न हॅशला विचारताच येत नाही.

प्रोग्रॅम नीट चालला, रेकॉर्डिंगही झालं. त्याच्या आडून ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकी (साइटला आपलं लॉगिन लक्षात ठेवायला लागणाऱ्या छोट्या नोंदी) बाहेर गेल्या. कळलं ते अनोळखी उपकरणावरून लॉगिन झाल्याची सूचना आली तेव्हा. ओटीपी मागितला गेला नाही, कारण आधीच लॉगिन झालेल्या सेशनची कुकी हाती असली की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही वगळून आत शिरता येतं. नंतर मूळ प्रकल्पाच्या पानावरचा हॅश पाहिला. पहिल्याच अक्षराला फरक.

हे फक्त नकली पानांवरच घडतं असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या खऱ्या वेबसाइटमध्ये घुसून डाउनलोडची लिंक मागच्या दाराने प्रवेश देणाऱ्या आयएसओकडे (सिस्टिम बसवायच्या फाइलकडे) वळवली गेली होती. ज्याला लिंक बदलता येते, त्याला शेजारचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार? याउलट मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ प्रोग्रॅमच्या एका मिरर सर्व्हरवर (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर) मॅकची फाइल बदलली गेली. तिथे ज्यांनी हॅश मूळ प्रकल्पाकडून घेऊन ताडला असेल त्यांना फरक दिसला असणार, कारण फाइल एकीकडची आणि हॅश दुसरीकडचा. सगळं बळ या दोन वाटांमध्ये आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावरून घेतल्यात तर डाउनलोड अर्धवट राहिलं का एवढंच कळेल. तेही उपयोगाचं आहे म्हणा, पण चोर पकडायला नाही.

फाइलवरच्या डिजिटल सहीचंही तेच. ती तपासणाऱ्या जीपीजी या प्रोग्रॅमने सही बरोबर असल्याचं सांगितलं तरी कोणाच्या किल्लीने, हे पाहावं लागतं. किल्ली त्याच पानावरून उतरवली असेल तर भामटा स्वतःच्या किल्लीने स्वतःच्याच फाइलवर सही करून मोकळा. किल्ली खरंच त्या मालकाची आहे याची खात्री नाही असा इशारा जीपीजी त्याखाली देतं, तो वाचा. किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, वेगळ्या ठिकाणाहून ताडून घ्या.

आणखी एक सवय मोडा: हॅशची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून 'ठीक आहे' म्हणणं. आठ अक्षरं जुळवायला सरासरी सुमारे ४३० कोटी प्रयत्न लागतात. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या ग्राफिक्स कार्डला हे काम काही सेकंदांचं. ६४ च्या ६४ अक्षरं संगणकालाच ताडू द्या. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड खिडकीत गेट-फाइलहॅशच्या उत्तरातला हॅश आणि मूळ हॅश यांच्यामध्ये '-eq' टाकलं की खरं की खोटं ते लगेच दिसतं. एखाद्या पानावर नुसता एमडी५ (हॅशची जुनी पद्धत) असेल तर हेतुपुरस्सर बदल ओळखायला त्याच्यावर विसंबू नका. एकाच एमडी५ च्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४ पासून उघड आहे.

अशी फाइल उघडली गेलीच असेल तर त्या मशीनवरून पासवर्ड बदलत बसू नका, नवे पासवर्डही तिकडेच जातील. दुसऱ्या उपकरणावरून आधी मेल खात्याचा पासवर्ड बदला, सगळी चालू सेशन बंद करा, आणि मेल परस्पर फॉरवर्ड करणारा एखादा नियम सेटिंगमध्ये टाकला गेलाय का ते पाहा. माझ्या खात्यात तो होता.